टॉप शाफ्टचं बेअरिंग परत परत का जातंय? एका 'ऑटोमॅटिक' ट्रकच्या गिअरबॉक्सची केस

तक्रार अशी होती. दहाचाकी ट्रक, क्लचचा पेडल नसलेला. न्यूट्रलला उभा केला की गिअरबॉक्समधून घर्रर्र आवाज, जात्यात ज्वारी भरडल्यासारखा. बेअरिंग बदललं की आवाज बंद. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. आठ महिन्यांत तीन बेअरिंगं गेली. दुसऱ्या खेपेला ते मी स्वतः बदललं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

माझं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गिअरबॉक्सचं काम आहे. ही गाडी शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग भरून पिंपरी-चिंचवडला जाते, परतीला मिळेल तो माल आणते. अधनंमधनं रत्नागिरीची खेप असते, म्हणजे आंबा घाट आलाच. लोड भरपूर, पण ओव्हरलोडची ओरड नव्हती. मालक स्वतः हिशोबी माणूस, ऑइल वेळेवर बदलणारा. म्हणूनच कोडं होतं.

आधी एक घोळ मिटवू, कारण फोनवर विचारणारे निम्मे लोक इथंच चुकतात. आपल्याकडे पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला ऑटोमॅटिक म्हणतात. खरा ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाला. आत प्लॅनेटरी गिअर, क्लचच्या प्लेटांचे पॅक, ऑइलच्या दाबावर चालणारं सगळं, आणि बेअरिंग बघाल तर पापडासारखी पातळ सुईची थ्रस्ट बेअरिंगं. तो काही बसना आणि डंपरना असतो. त्याचं काम वेगळं, त्याला हत्यारं वेगळी, आणि ते मी घेत नाही. मालवाहू ट्रकमध्ये जो येतो तो बहुतेक वेळा साधा गिअरबॉक्सच असतो. तोच टॉप शाफ्ट, म्हणजे इंजिनाचं फिरणं क्लचमधून आत आणणारा दांडा, त्याच्यावर चालणारा तोच ले शाफ्ट, आणि चाकांकडे फिरणं नेणारा तोच मेन शाफ्ट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ड्रायव्हरच्या पायाहातांऐवजी हवेवर चालणारे सिलिंडर करतात आणि त्यांना हुकूम कॉम्प्युटर देतो. ही केस दुसऱ्या प्रकारातली.

आता आवाज ओळखायचा कसा? पेडलच्या गाडीत हे पोरासोरांनाही माहीत असतं. पेडल दाबल्यावर आवाज गेला तर टॉप शाफ्ट नाहीतर ले शाफ्ट, दाबल्यावर आवाज आला तर क्लच उघडणारं रिलीज बेअरिंग नाहीतर टॉप शाफ्टच्या पुढच्या टोकाचं पायलट. इथं पेडलच नाही. मला सुचायला वेळ लागला, पण लीव्हरच पेडलचं काम करतो. चाकाला दगड लावायचे, हँडब्रेक ओढायचा, ब्रेक दाबून ठेवायचा आणि डी ला, म्हणजे ड्राइव्हला टाकायचं. गाडी जागेवर असते तेव्हा कॉम्प्युटर क्लच उघडा ठेवतो आणि सुरुवातीचा गिअर लावून ठेवतो. चाकं थांबलेली, म्हणून टॉप शाफ्टही थांबतो. न्यूट्रलला आणलं की क्लच जोडला जातो आणि टॉप शाफ्ट, ले शाफ्ट दोन्ही फिरायला लागतात. आमच्या गाडीत न्यूट्रलला घर्रर्र, डी ला चिडीचूप. म्हणजे रिलीज बेअरिंगवर खर्च करायचं कारण नव्हतं.

टॉप आणि ले यातलं कोण, हे चालत्या गाडीत कळतं. मॅन्युअल मोडला टाकून डायरेक्ट गिअरमध्ये, म्हणजे जिथं टॉप शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकास एक फिरतात तिथं, गाडी धरायची. डायरेक्ट म्हणजे शेवटचाच गिअर असं नाही, ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मेन शाफ्ट टॉप शाफ्टपेक्षा जोरात फिरवणारा गिअर असेल तर त्याच्या आधीचा. डायरेक्टमध्ये ले शाफ्टवरचा भार उतरतो आणि टॉप-मेनच्या मधलं छोटं पॉकेट बेअरिंगही आपल्या जागी गप्प बसतं. त्या गिअरमध्ये आवाज बराच कमी झाला तर संशय ले शाफ्टवर किंवा पॉकेटवर. आवाज तसाच राहिला तर टॉप शाफ्टचं मोठं बेअरिंग किंवा मागचं आउटपुटचं. रविवारी सकाळी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रस्ते मोकळे असतात, तिथं फिरवून बघितलं. आवाज तसाच. मग गाडी जागेवर, न्यूट्रलला, लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाला टेकवला. दाढ ठणकावी तसं कानात वाजलं. मागच्या बाजूला मात्र नुसती गुणगुण.

इथं एक गोष्ट आधीच्या लोकांची सांगायला हवी. पहिल्या खेपेला गाडी हायवेवरच्या एका गॅरेजात गेली होती. तिथं स्कॅनर लावल्यावर कोड आला, इनपुट स्पीड सेन्सरचा, म्हणजे टॉप शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल बरोबर नाही. त्यांनी सेन्सर बदलला. कोड गेला, सगळे खूश, आणि दोन आठवड्यांत कोड परत. यात त्यांना फार दोष देत नाही, मशीन जे सांगतं तेच त्यांनी केलं. पण हा सेन्सर चुंबकाचा असतो. मी तो काढला तेव्हा टोकाला लोखंडाचा बारीक कीस असा चिकटून उभा होता, जशी चार दिवसांची दाढी. सेन्सर बिचारा ठीक होता, कीस त्याच्या आड येत होता. नवा सेन्सर बसवला तेव्हा टोक स्वच्छ होतं म्हणून कोड गेला, एवढंच. सेन्सरचा कोड आला की आधी तो उपसून टोक बघा. दोन बोल्टांचं काम आहे.

ऑइल गरम असतानाच काढायचं. थंड झालं की चुरा तळाशी बसतो आणि खरी गोष्ट आतच राहते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काजळीसारखा मऊ करडा लेप असेल तर चिंता नाही, तो प्रत्येक गिअरबॉक्समध्ये येतो. बोटांत चोळल्यावर टोचलं तर मात्र खोला. मी ऑइल जुन्या पेपरवर ओघळवून उन्हात धरतो. पोलादाचे चकचकीत पापुद्रे दिसले तर बेअरिंगच्या वाटेचा पृष्ठभाग सुटतोय. सोनेरी कण दिसले तर पितळ, म्हणजे सिंक्रोची (गिअर पडताना वेग जुळवणारी) कडी नाहीतर बेअरिंगची जाळी. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी. आमच्या पेपरवर पापुद्रे होते, नखावर धरता येतील एवढे.

गिअरबॉक्स उतरवणं हे नेहमीचं काम, त्यावर फार लिहीत नाही. तीनच गोष्टी. बॅटरीचा कट-ऑफ बंद करा आणि हवेच्या टाक्या रिकाम्या करा, कारण क्लचचा सिलिंडर दाबाखाली असताना लाइन सोडली तर बोट जाईल. दुसरी गोष्ट, अडीचशे किलोच्या आसपासचं धूड टॉप शाफ्टवर लटकू देऊ नका. जॅक समोरासमोर धरूनच ओढा. बॉक्स खाली झुकला की सगळं वजन क्लच प्लेटच्या बुशवर आणि शाफ्टच्या टोकावर येतं, आणि पुढच्या बिघाडाचं बी तिथंच पेरलं जातं. तिसरी, काढलेलं बेअरिंग भंगारात टाकू नका. मी दुसऱ्या खेपेला टाकलं होतं. नवं बसवायची घाई, दिवाळीनंतरचा ऊसाचा हंगाम, दारात चार गाड्या. ते ठेवलं असतं तर तिसरी खेप झाली नसती.

तिसरं बेअरिंग मात्र कापून बघितलं. नंबर ६३१२, सी-३. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे आतला व्यास ६० मिमी. बाहेरचा १३०, रुंदी ३१. सी-३ म्हणजे गोळ्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त मोकळीक, गरम झाल्यावर शाफ्ट फुगतो म्हणून. दुकानात सी-३ नसलं की 'साधं न्या, चालतंय' म्हणतात. चालत नाही. पण इथं नंबरही बरोबर होता आणि मालही अस्सल होता.

बाहेरची रिंग ग्राइंडरनं कापून दोन तुकडे केले, डिझेलनं धुतली आणि दारात उन्हात घेऊन बसलो. गोळ्या जिथनं फिरतात त्या खोबणीत एक चकचकीत पट्टा पडतो. निरोगी बेअरिंगमध्ये तो पट्टा खोबणीच्या कडांना समांतर, मधोमध असतो. इथं तो तिरका होता. एका तुकड्यात डावीकडच्या कडेला चढलेला, समोरच्या तुकड्यात उजवीकडच्या. जिथं कडेला सगळ्यात जवळ गेला तिथंच पोलाद पापडासारखं सुटलेलं. आतल्या रिंगवर पट्टा सरळ, पण नको इतका रुंद. बाहेरची रिंग जागेवर बसलेली असते आणि आतली फिरते. बाहेरच्या रिंगवर तिरका पट्टा म्हणजे शाफ्ट वाकडा नाही, शाफ्ट तिरका उभा आहे, आणि कायम एकाच बाजूला. शाफ्ट वाकलेला असता तर तिरका पट्टा आतल्या रिंगवर दिसला असता.

हे एकदा दिसलं की बाकीच्या शंका गळतात. हातोड्यानं ठोकून बसवलं असतं तर गोळ्यांच्या अंतरावर खळगे पडले असते. ऑइल कमी पडलं असतं तर रिंग पिवळी-निळी झाली असती. पाणी गेलं असतं तर गंजाचे डाग. आपल्याकडे उसाच्या गाड्यांना हंगामाआधी चासीवर वेल्डिंग करतात आणि अर्थिंगचा चिमटा कुठंही लावतात. मग करंट बेअरिंगमधून जातो आणि खोबणीत जळके बारीक टिपके दिसतात. तसं काही नव्हतं. बाहेरच्या रिंगच्या पाठीवर मात्र तांबूस-काळे डाग आणि घासल्याची चमक होती, म्हणजे रिंग आपल्या घरात हळूहळू फिरत होती. दुसऱ्या खेपेला ही चमक मी पाहिली होती. बेअरिंग चिकटवायचं लिक्विड लावलं आणि मोकळा झालो. चूक ती.

तेव्हा जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा तो मालकाला आठ महिन्यांनी विचारला.

"आप्पा, आवाज पहिल्यांदा आला त्याच्या आधी गाडीला काय काम केलंवतं?"

"काम असं काय न्हाई वो मामा. इंजनाचं मागलं सील गळत हुतं, तेवढं बदलून घेतलं."

इंजिनाचं मागचं सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स खाली, क्लच खाली, फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) खाली, आणि बहुतेक गाड्यांत फ्लायव्हीलचं हाउसिंगही सुटतं. हे हाउसिंग इंजिनाच्या ब्लॉकवर दोन डोवेल पिनांवर, म्हणजे घट्ट बसणाऱ्या गुळगुळीत खिळ्यांवर बसतं. बोल्ट बारा असोत नाहीतर पंधरा, त्यांचं भोक बोल्टापेक्षा थोडं मोठं असतं. बोल्ट आवळतो, जागा ठरवत नाही. जागा डोवेल ठरवते. गिअरबॉक्स त्या हाउसिंगच्या गोल तोंडात बसतो, म्हणून हाउसिंग सरकलं की आख्खा गिअरबॉक्स सरकतो. टॉप शाफ्टचं पुढचं टोक तर क्रँकच्या पायलट बेअरिंगमध्ये अडकलेलं. पुढचं टोक एका मध्यावर, मागचं बेअरिंग दुसऱ्या मध्यावर, शाफ्ट तिरका.

डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं घड्याळ, लावला. चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर, काट्याचं टोक हाउसिंगच्या गोल तोंडाच्या आतल्या भिंतीला, आणि क्रँक हातानं सावकाश फिरवायचा. त्याआधी ती भिंत आणि तोंड पॉलिश पेपरनं पुसून घ्या, नाहीतर गंजाचं माप घेत बसाल. घड्याळाच्या १२, ३, ६, ९ या जागी आकडे खडूनं लिहायचे. मोठ्या ट्रकांना ही मर्यादा सहसा ०.२० मिमीच्या आत असते, तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. आमचा काटा ०.७२ फिरला. मध्य याच्या निम्म्यानं सरकलेला असतो, म्हणजे ०.३६. ऐकायला केसाएवढं, पण मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेणाऱ्या शाफ्टला ते प्रत्येक फेरीत सोसावं लागतं. काटा असाच हाउसिंगच्या तोंडाच्या सपाट चेहऱ्यालाही लावून बघा. तिथं आमचं जवळपास ठीक होतं, थोडंच जास्त.

हाउसिंग सोडलं. एक डोवेल नव्हतीच. दुसरी तिरकी मोडून अर्धी ब्लॉकमध्ये. ब्लॉक आणि हाउसिंगच्या मधे जुन्या गास्केट पेस्टचा वाळलेला खडा, चिंचोक्याएवढा. कुणी केलं ते विचारू नका. मलाही त्यात रस नाही, कारण दुसऱ्या खेपेला हे सगळं माझ्याही डोळ्यांसमोर होतं आणि मी हाउसिंगकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुरुस्ती दोन ठिकाणी. इंजिनाकडे: मोडकी डोवेल ड्रिल करून काढली, दोन्ही चेहरे स्क्रॅपरनं आणि ऑइल-स्टोननं साफ केले, नव्या डोवेल घालून हाउसिंग समोरासमोरच्या क्रमानं आवळलं आणि परत डायल. ०.११. तेवढ्यावर भागलं. डोवेलचं भोकच अंडाकृती झालं असतं तर हाउसिंग हलवून डायलवर मध्यावर आणायचं, आवळायचं आणि भोक रीमर मारून मोठ्या मापाची डोवेल घालायची, असा मार्ग होता. पायलट बेअरिंगही बदललं. ते स्वस्तातलं, गिअरबॉक्स खाली असताना जुनं ठेवण्यात अर्थ नाही.

गिअरबॉक्सकडे: रिंग फिरून फिरून बेअरिंगचं घर झिजलं होतं. बोअर गेजनं मोजलं तर १३० च्या जागी खालच्या बाजूला ९ शतांश जास्त. याला आपल्याकडे दोन जुगाड चालतात, घरात डॉट पंच मारून काटे उठवायचे नाहीतर ते लिक्विड. पंचाचे काटे आठ दिवसांत चेपतात. मी वाय. पी. पोवारनगरात एका बोरिंगवाल्याकडे दिलं, घर बोअर करून स्लीव्ह, म्हणजे आतून नवं अस्तर, ठोकून घेतली. इथं एकच काळजी घ्यायची. बोरिंगवाल्यानं मध्य झिजलेल्या घरावरून घ्यायचा नाही, ते घर एका बाजूलाच खाल्लेलं असतं. समोरच्या भिंतीतल्या मेन शाफ्टच्या घरावरून आणि ले शाफ्टच्या घरापासूनच्या अंतरावरून घ्यायचा. नाहीतर दोन गिअरांमधलं अंतर बदलतं आणि बेअरिंग शांत, गिअर बोंबलत अशी गत होते. त्यानं केसिंग टेबलावर चढवून पाऊण दिवस नुसतं मोजण्यात घालवलं. बोअरला अर्धा तास लागला.

नवं बेअरिंग इंडक्शन हीटरवर शंभर अंशांपर्यंत तापवून हातमोजा घालून शाफ्टवर सोडलं, अलगद बसलं. हीटर नसेल तर ऑइलच्या डब्यात तापवा, पण गॅसची ज्योत थेट मारू नका. सव्वाशेच्या वर नेलं की पोलादाचं पाणी उतरायला लागतं. प्रेसवर बसवायचं तर जोर आतल्या रिंगवरच. ले शाफ्टची टेपर बेअरिंगं चांगली होती, पण प्ले (मोकळीक) डायलवर तपासून शिम, म्हणजे पातळ चकती, जुळवली.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. मागच्या एक्सलच्या क्राउनला चालतं म्हणून जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल इथं ओतू नका, त्यातली रसायनं पितळी सिंक्रोला खाऊ शकतात. लेव्हल प्लगच्या भोकापर्यंत, गाडी सपाटीवर. जास्त भरलं तर चांगलं असं नाही, फेस होतो आणि गरम होतं.

बसवल्यावर पेडलवाल्या गाडीत चावी मारून निघून जाता येतं. इथं नाही. क्लच आणि गिअरच्या जागा कॉम्प्युटरला नव्यानं शिकवाव्या लागतात, स्कॅनर लावून. हे न करता गाडी काढली तर झटके देते, कधी गिअरच घेत नाही, आणि मालकाला वाटतं गिअरबॉक्स बिघडवून दिला. हवेचा दाब पूर्ण भरल्याशिवाय ते शिकवणं सुरूच करू नका, मधेच फसतं.

ज्यांचा पट्टा तिरका नाही त्यांच्यासाठी दोन कारणं, जी कोल्हापुरात मला नेहमी सापडतात. एक, पुराचं पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि कित्येक गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. गरम गिअरबॉक्स पाण्यात थंड झाला की आत हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, पाणी ओढलं जातं. बाहेरून काही दिसत नाही. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर आवाजाची वाट न बघता ऑइल काढा. दुसरं, टोचन. पेठ नाक्यावर गाडी बंद पडली आणि प्रोपेलर (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) न सोडताच मागली चाकं रस्त्यावर ठेवून उद्यमनगरापर्यंत ओढत आणली, अशा गाड्या वर्षाला दोन-तीन येतात. चाकं मेन शाफ्ट फिरवतात, पण इंजिन बंद म्हणून ले शाफ्ट थांबलेला, आणि ऑइल वर उडवायचं काम त्याचंच. आतलं पॉकेट बेअरिंग कोरडं जळतं. चार बोल्ट काढून प्रोपेलर सोडायला वीस मिनिटं लागतात.

आमची गाडी दहा हजार किलोमीटर करून परवा आली. बॉक्स न उतरवता फक्त ऑइल काढलं, गरम असताना, आणि पेपर उन्हात धरला. चुंबकावर बोटभर करडा लेप होता. मालक वाकून बघत होता.

"मामा, परत काळं आलंय की वो."

त्याचं बोट धरून त्या लेपावर चोळायला लावलं. टोचलं नाही. सेन्सरही उपसून दाखवला, टोक स्वच्छ. तरी न्यूट्रलला गाडी चालू ठेवून तो पाच मिनिटं स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून बसला, मग उद्याची पिंपरीची खेप ठरवायला फोन काढला.